गोठ्यात टिकणारी शाई

प्रिय मुलांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर मी गच्चीत बसले होते. माझ्या डोक्यामागे दोरीला लटकणारी एक विटकी पट्टी तुम्हाला दिसली आणि तुम्ही दोघं हसत सुटलात. "आजी, तू आम्हाला चपलासुद्धा एका रेषेत लावायला लावतेस आणि तुझ्याकडे ही चिंधी कशी?" असं धाकटीने विचारलं. प्रश्न बरोबर होता. पण उत्तर फोनवर मावण्याइतकं लहान नाही, शिवाय ते सांगायला लागले की अजूनही माझा आवाज चढतो. म्हणून लिहून पाठवते. शांतपणे लिहायचा विचार आहे. बघू.

ती चिंधी नाही. फ्लेक्सची पट्टी आहे, आणि ती पेंटरांनी तिथे बांधली आहे.

पेंटर हे काही नाव नव्हे, पण भोरात त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. आपल्या घराखालचा रस्त्याकडेचा गाळा त्यांच्याकडे भाड्याने होता. तुमचे आजोबा असताना ते आले, तेव्हा दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या फाळक्यांवरची अक्षरं, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार असं सगळं हाताने रंगवायचे. पुढे फ्लेक्स आले आणि त्यांचे ब्रश डब्यात वाळून गेले. पेंटर कुरकुरले नाहीत. वाढदिवसाचा, जत्रेचा, श्रद्धांजलीचा, जो कोणता फ्लेक्स हवा असेल त्याची ऑर्डर घ्यायची, पुण्याहून छापून आणायचा आणि गुंडाळी एसटीत दोन गुडघ्यांमध्ये उभी धरून भोरला उतरायचं, हा त्यांचा नवा धंदा झाला.

माणूस सज्जन होता. मी हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे लिहायचं विसरेन.

त्यांची खोड अशी की कुठलीही वस्तू ते आधी मागून बघायचे. भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्याची पाठ बघायचे. पानात भाकरी वाढली की आधी उलटी करायचे. तुमच्या आईबाबांच्या लग्नाचा फोटो मी हौसेने त्यांच्या हातात दिला, तर त्यांनी फ्रेम पालथी केली, पुठ्ठ्यावरचे खिळे निरखले आणि "चांगला हाय" म्हणून परत दिली. पुढची बाजू बघितलीच नाही. घरात यायचे तेही मागच्या जिन्याने, थेट स्वयंपाकघरात. मी कितीदा सांगितलं, "पेंटर, पुढच्या दाराला बेल आहे. असं अचानक आलं की दचकायला होतं."

"म्होरनं आलं की तुमी तयारीत असता, बाई," ते म्हणायचे. "मानूस मागनं बघावं. वस्तू बी मागनं बघावी. म्होरची बाजू समदी लोकांसाठी असती."

तर असा माणूस मशीन विकत घ्यायला निघाला.

निघणं भाग होतं. सारोळ्याला हायवेच्या कडेला एकाने फ्लेक्सची मशीन टाकली होती. पुण्याला जाऊन-येऊन छापून आणणाऱ्या पेंटरांसाठी कोण थांबणार? सकाळी फोटो द्यावा, संध्याकाळी फ्लेक्स न्यावा, असं तिथे होतं. पेंटरांची बायको गाळ्यात बसून ऑर्डरी घ्यायची. ती मला म्हणाली, "बाई, जत्रांच्या आत मशीन आली तर दुकान ऱ्हाईल. न्हाईतर आमी दोघं निस्तं शटर वरखाली करत बसू."

पेंटरांना मशीन हवीच होती. अडलं होतं ते शाईवर. आणि त्या हट्टाचं मूळ मी तुम्हाला आताच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही माझ्यासारखं कित्येक दिवस कपाळाला हात लावून बसणार नाही.

पेंटरांचं गाव वेल्ह्याच्या बाजूला, डोंगरात. तिथे म्हातारी आई एक म्हैस सांभाळून राहायची. वडील गेले तेव्हा दहाव्यासाठी वेशीत त्यांचा फ्लेक्स लावला होता. त्या भागात दहावा-तेरावा उरकला की फ्लेक्स फेकत नाहीत. कुणी वैरणीवर टाकतं, कुणी शेणीच्या ढिगावर. पेंटरांच्या आईने तो गोठ्याच्या उघड्या बाजूला पावसाच्या झडीसाठी पडदा म्हणून बांधून घेतला. बांधणाऱ्यांनी चेहरा बाहेर केला. उन्हाने लाल खाल्ला, पिवळा खाल्ला, आणि म्हातारीच्या लक्षात येऊन तिने पडदा उलटा करून घेईपर्यंत वडील मुंडाशापासून हनुवटीपर्यंत निळे झाले होते. तेव्हापासून चेहरा आत, म्हशीच्या बाजूला. धार काढताना म्हातारी त्यांच्याशी बोलायची. कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या बांधावरून भांडण झालं, सगळं.

त्या माणसाचं दुसरं चित्रच नव्हतं. मूळ फोटो कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून घेतलेला. तो ज्या मोबाईलमध्ये होता तो धरणाच्या पाण्यात पडला, आणि पुण्याच्या छपाईवाल्याने फाईल केव्हाच पुसून टाकली होती. उरला होता तो पडदा, आणि तोही दर पावसाळ्यात आणखी फिकटत होता. म्हणून पेंटरांनी मनाशी घेतलं होतं की आपली मशीन आली की पहिला बाप छापायचा, आणि तो अशा शाईत की गोठ्यात पुन्हा विटणार नाही.

मी एकदा म्हणाले, "अहो, तुम्ही पेंटर आहात. हाताने काढा की वडिलांचं चित्र."

"काढलं हुतं," ते म्हणाले. "म्या अक्षरांचा पेंटर, बाई. म्हातारी म्हनली, गोठ्यात सरपंचाचा फोटू कशापायी आनलास?"

हे सगळं ऐकून मला वाईट वाटलं आणि मी मदत करायचं ठरवलं. ही चूक झाली.

माझी मदत म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. मशीनवाल्यांची इंग्रजी माहितीपत्रकं मी चष्मा लावून वाचली, पुण्याला फोन केले आणि पट्टीने रेघा मारून एक तक्ता केला. चार जातीच्या शाया, चार रकाने. पाण्यातली शाई घरातल्या फोटोंना सुरेख, पण उन्हापावसाची नाही. सॉल्व्हंट, म्हणजे उग्र रसायनात कालवलेली, बाहेर टिकते, झपाट्याने छापते, सारोळ्याच्या मशीनमध्ये तीच होती. पण तिचा वास भयंकर, आणि गाळ्याच्या डोक्यावर मी राहते, मला दमा आहे. इको-सॉल्व्हंटचा वास कमी, टिकाऊपणा बरा, पण छापायला वेळ लागतो आणि मशीनची रुंदी कमी, म्हणजे मोठा फ्लेक्स दोन तुकडे जोडून करायचा. यूव्ही शाई खास दिव्याखाली जागच्या जागी वाळते, पण मशीन आपल्या ऐपतीबाहेर. तक्त्याखाली मी निष्कर्ष लिहिला: लहान गाळा, वर राहतं घर, तेव्हा इको-सॉल्व्हंट घ्यावी. फक्त रोज थोडं तरी छापत राहावं, नाहीतर शाई वाळून मशीनचं तोंड बुजतं.

पेंटरांनी तक्ता हातात घेतला. उलटा केला. पाठ कोरी होती.

"मागं काय न्हाई व्हय?" असं म्हणून त्यांनी तो मला परत दिला.

मग कंपनीचा माणूस आला. पुण्याचा, तरतरीत, इस्त्रीचा शर्ट. नमुन्यांचं जाडजूड पुस्तक त्याने गाळ्यातल्या टेबलावर पसरलं. मोर, आंबे, दागिने घातलेली नवरी.

"काका, कलर बघा. आउटडोअरला एकदम गॅरंटी."

"गॅरंटी कुटली? चौकातली का गोठ्यातली?"

तो हसला. "गोठ्यात कोण फ्लेक्स लावतं, काका?"

"समदी लावत्यात. चौकात आठ दिस, गोठ्यात आठ वर्सं. तुमी आठ दिसाचं इकताय."

"पण काका, गोठ्याची टेस्ट कंपनीत होत नाही."

"मग आमी करतो. चारी इंकच्या पट्ट्या द्या. लाल, पिवळा, निळा, काळा."

बिचाऱ्याने मदतीसाठी माझ्याकडे बघितलं. मी तक्ता पुढे केला. त्याने तो पुढून वाचला, म्हणून मला तो माणूस आवडला.

बायको मागून म्हणाली, "अवो, तुमी मशीन बघताय का सून? किती परीक्षा घ्याल?"

"सून परत धाडता येती," पेंटर म्हणाले. मी आणि ती, दोघींनीही त्यांच्याकडे असं बघितलं की ते पुढचं गिळून गेले.

पट्ट्या आल्या आणि माझ्या गच्चीचे हाल सुरू झाले. गाळ्याला ऊन नाही, गच्चीला आहे, म्हणून पट्ट्या माझ्या कपड्यांच्या दोरीवर. माझ्या साड्या एका कोपऱ्यात. चार पट्ट्या उन्हात, त्यांच्याच चार जोडीदारणी बादलीत, आणि बादलीत गोमूत्र. गोठ्यात तेच असतं, शाईला तेच सोसायचं आहे, हे त्यांचं म्हणणं. म्हणणं बरोबर असेल, पण बादली माझी होती. पापड वाळत घालायचे दिवस होते, मुलांनो. मी त्या वर्षी पापड केले नाहीत.

रोज सकाळी मागच्या जिन्याने पेंटर वर. पट्ट्यांना आधी मागून बघायचे, उजेडात धरायचे, वास घ्यायचे, मग त्यांची गोधडीसारखी घडी घालायचे, तिच्यावर बसायचे आणि उठून पुन्हा उलगडायचे. "गावाकडं फ्लेक्स कुनी गुंडाळत न्हाई, बाई. घडीच घालत्यात." पाण्यातल्या शाईने बादलीत रंग सोडला. पेंटरांनी तिथेच ती ओतली आणि गच्चीच्या फरशीवर गुलाबी ओघळ पडला, तो तुमच्या बाबांना अजून दाखवता येईल. यूव्हीच्या पट्टीला घडीवर बारीक तडा गेला. "तोंडावर घडी आली तर बापाचं नाक फुटंल," म्हणून ती बाद. राहिल्या सॉल्व्हंट आणि इको-सॉल्व्हंट. दोघी टिकल्या, सॉल्व्हंट किंचित जास्त.

"सॉल्व्हंटच घ्यायची," पेंटरांनी जाहीर केलं.

"माझ्या घराखाली नाही," मी म्हणाले.

"गोठ्यात तीच टिकंल, बाई."

"गोठ्यात टिकेल, मी टिकणार नाही. वास वर येतो. मला रात्र बसून काढावी लागेल."

"खिडकी लावून घ्या की."

"खिडकी लावूनच दमा होतो, पेंटर!"

तीन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. म्हणजे मी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नसावं, कारण पट्ट्या बघायला ते रोज येतच होते.

आता पुढचं वाचून हसाल, पण मी तेव्हा हसले नव्हते. पेंटर सारोळ्याला गेले. ज्या मशीनवाल्याने त्यांची गिऱ्हाइकं नेली होती, त्याच्याकडूनच सॉल्व्हंटचा एक ताजा फ्लेक्स त्यांनी चित्राशिवाय, नुसता रंग भरून छापून घेतला आणि थेट गावाला नेऊन म्हशीच्या डोळ्यांसमोर बांधला. दोन दिवसांनी ते माझ्या स्वयंपाकघरात उगवले. हातात दुधाची चेपलेली चरवी.

"बाई, तुमचं आन् म्हशीचं जुळलं."

"काय?"

"तिला बी वास सोसना. धारंला हुबीच ऱ्हाईना. लाथ घातली, समदं दूध सांडलं. म्हातारीनं फ्लेक्स काढून माझ्या अंगावर टाकला. म्हनली, ह्यो इकडं परत दिसला तर तुला बी हितंच बांधीन."

"मग?"

"मग काय. इको घेतो."

माझा तक्ता फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता. त्याच्या तळाला, लाल शाईने, ठळक अक्षरांत हेच लिहिलेलं होतं. मी बोटाने दाखवलं. पेंटर म्हणाले, "व्हय, पर तुमी सांगत हुता. म्हशीनं करून दाखवलं."

मशीन आली तेव्हा जत्रा अगदी तोंडावर होत्या. एका गावच्या जत्रेची कमिटी तर गाळ्यासमोरच उभी होती. देवाचा फोटो, मानकऱ्यांचे फोटो, कुस्त्यांची जाहिरात, सगळं मोबाईलमध्ये तयार. पेंटरांनी त्यांना बसायला खुर्च्या दिल्या आणि पहिला बाप छापायला घेतला. गावाला जाऊन त्यांनी त्या निळ्या चेहऱ्याचा फोटो काढून आणला होता, आणि संगणकावर बसून आठवणीने त्यात रंग भरला होता. मुंडासं लाल, कातडी तांबूस काळी, डोळे तांबारलेले. मला विचारत होते, "बाई, आसाच हाय ना?" मी त्या माणसाला जन्मात पाहिलं नव्हतं.

मशीनचं डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सावकाश जात होतं. बायको कळवळून म्हणाली, "अवो, जत्रंची मानसं हुबी हायेत."

"हुबी कुटं? खुर्च्या दिल्यात."

कमिटी उठून सारोळ्याला गेली. एकाने दुसऱ्याला सांगितलं असणार, कारण त्या मोसमात पुढची एकही जत्रा आपल्या गाळ्यात आली नाही. मी पेंटरांना काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ते फ्लेक्स घेऊन गावाला निघाले. बायको मला म्हणाली, "तुमी बी चला बाई. तुमच्याम्होरं ते जरा मानसात ऱ्हातात." टेम्पोत पुढे मी आणि ती, मागे हौद्यात फ्लेक्सची गुंडाळी धरून पेंटर. भाटघरच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता वर चढत गेला. माझी कंबर काय म्हणत होती, ते विचारू नका.

म्हातारी धारेला बसली होती. लहानशी, वाकलेली, आमच्याकडे न बघता म्हणाली, "थांबा, हिला दचकवू नगा." धार झाल्यावर उठली. पेंटरांनी नवा फ्लेक्स जुन्याच्या शेजारी दोन्ही हातांनी ताणून धरला. आणि मला कबूल केलं पाहिजे, तो चेहरा सुंदर झाला होता. लाल मुंडाशाखाली एक धडधाकट शेतकरी, आता बोलेल की मग असा.

म्हातारीने बराच वेळ बघितलं.

"ह्यो कोन?"

"आगं आई, बा हाय."

"तुजा आसंल," ती म्हणाली. "माझं मालक हे हायेत." आणि तिने निळ्याकडे हात केला.

"आगं, त्यो इटलाय. रंग गेलाय त्याचा."

"जाऊं दे की. माझा न्हाई गेला?" तिने आपला हात त्यांच्यापुढे धरला, सुरकुतलेला, काळवंडलेला. "संगं म्हातारं झालोय आमी. त्यो तरना घिऊन मी काय करू?"

मी पेंटरांकडे बघितलं. माझ्या गच्चीवरची बादली, रुसलेली म्हैस, गेलेल्या जत्रा, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्यांचे ताणलेले हात हळूहळू खाली आले. मग सवयीने त्यांनी तो फ्लेक्स पालथा केला आणि त्याच्या पांढऱ्या पाठीकडे नुसते बघत राहिले. बायकोने डोळ्यांना पदर लावला.

म्हातारीच शेवटी म्हणाली, "टाकू नगं त्याला. दाभन आन."

"कशाला?"

"मागं लाव. ह्यास्नी लई पावसात हुबं केलंय म्या. आता त्याला भाईर हुबा कर. तरना हाय, सोसंल."

पेंटरांनी तिथेच बसून, सुतळी आणि दाभण घेऊन, दोन्ही फ्लेक्स पाठीला पाठ लावून शिवले. आत म्हशीकडे निळा, बाहेर डोंगराकडे रंगीत. टाके लांब लांब आणि वाकडेतिकडे पडत होते. माझे हात शिवशिवत होते, पण मी सुई मागितली नाही. शिवून झाल्यावर पेंटर उठून आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, आता ह्याला मागची बाजूच ऱ्हाईली न्हाई."

येताना टेम्पोत ते पुढे बसले, माझ्या शेजारी, आणि भोर येईपर्यंत इको-सॉल्व्हंटच कशी बरोबर निवडली ते मला समजावत होते. माझ्या तक्त्यातलीच कारणं, क्रमाने, एकही न सोडता.

त्यानंतर दुकान बायकोने हातात घेतलं. तिने मशीन भिंतीकडून वळवून रस्त्याकडे केली आणि "आज देतो" असं कुणालाही सांगायचं नाही, पण द्यायचं, असा नियम केला. मोठाले फ्लेक्स सारोळ्यालाच गेले. पण दुकानांच्या काचांवरची स्टिकरं, फोटो, लहान पाट्या, जवळून बघायच्या सगळ्या गोष्टी तिच्याकडे यायला लागल्या. पेंटर गाळ्यात बसून गिऱ्हाइकांचे मोबाईल पालथे करून बघत राहिले.

गेल्या हिवाळ्यात म्हातारी गेली. तिने सांगून ठेवलं होतं, म्हणून तिचा फ्लेक्स छापला नाही. म्हैस दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडेना, तेव्हा पेंटरच गावाला जाऊन राहिले. त्यांची बायको सांगते की धारेला बसताना ते आईचं जुनं लुगडं अंगावर घेतात, म्हणजे म्हैस फसते. मी म्हणाले, विकून टाका ती म्हैस. ती म्हणाली, "तुमीच सांगा त्यास्नी, मागच्या दारानं जाऊन."

या पावसाळ्यानंतर पेंटरांची बायको गावाला जाऊन आली. पडदा जागेवर आहे. बाहेरच्या चेहऱ्याचं मुंडासं थोडं फिकटलंय, आतला होता तसाच आहे.

गच्चीवरच्या पट्ट्या मी एकेक करून काढल्या. इको-सॉल्व्हंटची तेवढी ठेवली, तीच तुम्ही पाहिलीत. हे लिहायच्या आधी मी वर जाऊन ती नीट बघून आले, आधी पुढून आणि मग मागून. लाल उडाला आहे. पिवळा जवळजवळ गेला आहे. निळा अजून आहे.